स्कझी कार्ड दिसतं, पण स्कॅनर दिसत नाही

डेबियन लिनक्सवर अ‍ॅडाप्टेक 2940 हे स्कझी (उपकरणं साखळीने जोडायची जुनी पद्धत) कार्ड आहे, त्याला एचपी स्कॅनजेट 6100सी जोडलाय आणि ‘स्कॅनइमेज -एल’ या स्कॅनर शोधणाऱ्या आज्ञेला एकही स्कॅनर सापडत नाही, असा तुमचा प्रश्न. सेनच्या (लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग फायलींना तूर्त हात लावू नका. सेन हा सगळ्यात वरचा थर. खालचं जुळत नाही तोवर तिथे काहीही बदललं तरी उपयोग नाही.

आधी ‘एलएसपीसीआय -के’ चालवा, ती कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. कार्डाखाली एआयसी7एक्सएक्सएक्स हा ड्रायव्हर दिसला की कार्डाची चिंता मिटली. (डोमेक्स डीएमएक्स3191डीसारखं स्वस्त कार्ड असेल तर डीएमएक्स3191डी नावाचाच ड्रायव्हर लागतो. ते इंटरप्टशिवाय चालतं, म्हणून संथ. 2940 असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.)

आता ‘एलएसस्कझी -जी’, म्हणजे स्कझी उपकरणांची यादी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. यादीत स्कॅनर नसेल तर दोष केबल, आयडी (उपकरणाचा क्रमांक) किंवा टर्मिनेशनमध्ये (साखळीच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर) शोधा. कार्ड स्वतः सहसा आयडी 7 घेतं, स्कॅनरला 2 ते 6 पैकी मोकळा द्या. टर्मिनेशन साखळीच्या दोन टोकांनाच हवं, मधल्या उपकरणाला अजिबात नको. टर्मिनेटर नसला तरी स्कॅनर कधीकधी दिसतो आणि मोठ्या स्कॅनच्या मध्यावर बस (ही सगळी जोडणी) रीसेट होते, म्हणून नुसतं ‘दिसला’ यावर विसंबू नका. केबल काढताना-लावताना दोन्हीकडची वीज बंद हवी, नाहीतर कार्डावरचा टर्मिनेटर-पॉवरचा फ्यूज जाऊ शकतो.

स्कॅनर आधी चालू करा, मग मशीन. उशिरा चालू केला असेल तर रूट (प्रशासक) होऊन /सिस/क्लास/स्कझी_होस्ट/होस्ट0/स्कॅन या फायलीत ‘- - -’ लिहा (तीन डॅश, मध्ये जागा). होस्टचा क्रमांक तुमच्याकडे वेगळा असू शकतो, सॅटा पोर्टही त्याच यादीत मोजले जातात.

एचपीचे हे जुने स्कॅनर स्वतःला ‘स्कॅनर’ नव्हे, ‘प्रोसेसर’ म्हणवतात. यादीत ‘प्रोसेस’ दिसलं तर तो बिघाड नाही. मात्र फक्त स्कॅनर प्रकार तपासणारा यूडेव्ह नियम (उपकरणांच्या परवानग्या ठरवणारा) त्याला वगळतो आणि /डेव्ह/एसजी0 ही स्कॅनरशी बोलायची फाइल रूटच्याच ताब्यात राहते. नोंद दिसते पण /डेव्ह/एसजी नाही, असं झालं तर ‘मॉडप्रोब एसजी’ चालवून एसजी ड्रायव्हर चढवा.

मग रूटने एकदा ‘स्कॅनइमेज -एल’ चालवून बघा. रूटला दिसतो आणि तुम्हाला नाही, तर प्रश्न परवानगीचा. एचपी विक्रेता आणि प्रकार 3 (म्हणजे प्रोसेसर) असा यूडेव्ह नियम लिहून गट ‘स्कॅनर’ द्या, स्वतःला त्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. कायम रूटने स्कॅन करणं किंवा 666 (सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची) परवानगी देणं टाळा, कारण एसजीमधून त्या उपकरणाला थेट कच्च्या स्कझी आज्ञा जातात.

रूटलाही दिसत नसेल तरच सेन उघडा: डीएलएल.कॉन्फमध्ये ‘एचपी’ची ओळ चालू हवी आणि एचपी.कॉन्फमध्ये ‘स्कझी एचपी’.

स्कॅन होताना दिवा थांबत-मागे येत चालला तर सेन_एसजी_बफरसाइझ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाढवून बघा. मूळ मूल्य 131072 बाइट आहे, 262144 देऊन फरक पडतो का ते तपासा.