वाचकांचे प्रश्न : गच्चीला, डेकला कठडा कसला बसवू?

प्रश्न : नमस्कार. रत्नागिरीजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर. यंदा वर स्लॅब टाकून पुढच्या बाजूला दहा बाय अठराची उघडी गच्ची काढलीय. कडेने जांभ्याचाच दोन फुटी कठडा बांधून झालाय, त्यावर दीड फुटाचं रेलिंग बसवायचंय. फॅब्रिकेटर म्हणतो स्टीलचं करा, गंजतच नाही. मुलगा म्हणतो काच लावू, बसल्या जागी समुद्र दिसेल. मला आपलं लोखंडी बरं वाटतं, निदान रंग तरी मारता येतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : मटेरियलचं बोलूच, पण त्याआधी मला तुमच्या त्या जांभ्याच्या कठड्याची काळजी वाटतेय. रेलिंग बसवणारा काय करणार, वरच्या चिऱ्यात भोक पाडणार, अँकर फास्टनर ठोकणार आणि बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या पायाची चपटी पट्टी, आवळून मोकळा होणार. हा फास्टनर आत गेल्यावर फुगून आजूबाजूला दाबतो आणि त्या दाबावरच धरून राहतो, काँक्रीटला ते झेपतं, पण चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात भोक कडेपासून चार बोटांवर, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट वाटतं आणि एखाद-दोन पावसाळ्यांत हलायला लागतं. चार पाहुणे एकदम टेकले की खालच्या बोल्टवर किती ओढ येते हे लक्षात घ्या, रेलिंग वरून ढकललं की ती एक तरफच होते. चिऱ्याचा तुकडा सुटला तर वर स्टील असो की काच, काही उपयोग नाही.

म्हणून रेलिंगचे उभे खांब चिऱ्यावर उभे करू नका. दोन मार्ग आहेत. एक, वरचा थर काढून पूर्ण रुंदीचा चार-सहा इंची आरसीसी पट्टा ओता आणि त्याच्या सळ्या मधे मधे खाली स्लॅबपर्यंत नेऊन बांधून घ्या, रेलिंग त्या पट्ट्यात. दुसरं, खांब आतल्या बाजूने थेट स्लॅबवर घ्या किंवा बाहेरून कडेच्या बीमच्या तोंडाला धरा. आतून स्लॅबवर घेणार असाल तर वॉटरप्रूफिंग आणि कोबा व्हायच्या आधी घ्या. मागाहून भोकं पाडलीत तर पाणी तिथूनच खाली झिरपणार आणि मग दर पावसाळ्यात माडीच्या छताला ओल. हे बेसप्लेटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच देतो.

आता स्टील. "गंजतच नाही" हे वाक्य समुद्राकाठी कोणी म्हटलं की लगेच विचारा, ग्रेड कुठला? बाजारात रेलिंगला तीन चालतात, २०२, ३०४ आणि ३१६. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं म्हणून ते स्वस्त, आणि ३१६ मध्ये वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर आणि खाऱ्या हवेतलं क्लोराईड नेमकं त्यालाच भोकं पाडतं. मॉलिब्डेनममुळे तो थर टिकतो, म्हणून किनाऱ्यावर ३१६. दिसायला तिन्ही सारखेच चकचकीत. लोहचुंबक लावून बघणारे बरेच भेटतात, पण २०२ आणि ३०४ दोन्हीला चुंबक नीटसं चिकटतच नाही, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. मँगनीज तपासायचे थेंब मिळतात, पाईप दुकानात असतानाच टाकून बघायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

हे इतकं सांगतोय कारण आमच्या आत्याच्या गुहागरच्या घरी हेच झालंय. ३०४ म्हणून पैसे घेतले, तिसऱ्या वर्षी जोडांपाशी चहासारखे तपकिरी ओघळ, पाचव्या वर्षी पाईपला टाचणीएवढी भोकं. आत्याने साठवलेल्या पैशातून करून घेतलेलं काम होतं ते, मला अजून वाईट वाटतं.

३१६ घेतलं तरी पुसावं लागतं. गंमत म्हणजे पावसाळा स्टीलचा मित्र आहे, पाऊस मीठ धुऊन नेतो. खरा त्रास दिवाळीपासून मेपर्यंत, तेव्हा महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, आणि पत्र्याच्या शेडखाली जो भाग येतो तो जास्त नीट धुवा कारण तिथे पाऊस पोचतच नाही. आणि फॅब्रिकेटरला सांगून ठेवा की साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग स्टीलच्या पाईपशेजारी करायचं नाही, त्या ठिणग्या स्टीलवर बसतात आणि तिथेच गंजाचे ठिपके येतात.

काचेबद्दल मुलाला समजावून सांगा. लावायचीच तर नुसती टफन्ड नको, टफन्ड लॅमिनेटेड घ्या. टफन्ड फुटली की तिचे बारीक खडे होऊन सगळी खाली येते, म्हणजे कठडाच गायब. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे फिल्म असते, फुटली तरी जागेवर धरून राहते. पण तुमच्याकडे खारं वारं असं की सकाळी पुसलेली काच दोन दिवसांत धुरकट होते, समुद्र बघायला रोज फडकं हातात घ्यावं लागेल.

माझं मत विचाराल तर तुमचंच बरोबर आहे, लोखंडीच करा. मात्र पोकळ चौकोनी पाईप नको, तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जुन्या घरांच्या खिडक्यांना असायचे तसे भरीव उभे गज घ्या. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं वर्कशॉपमध्येच पूर्ण करून मग हॉट डिप गॅल्वनाइजिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून जस्त चढवणं, करून आणा आणि साईटवर फक्त बोल्टने जोडा. बरेच जण जस्त चढवून आणल्यावर परत वेल्डिंग मारतात, त्या जागचं जस्त जळतं आणि पहिला गंज तिथेच. वरून रंग मारा. खुर्चीत बसलं की उभ्या गजांमधून समुद्र छान दिसतो, मुलाला एकदा बसवून दाखवा!

प्रश्न : पुण्यात नवव्या मजल्यावर आमचा टेरेस फ्लॅट आहे, मुलगी दीड वर्षाची. बिल्डरने दिलेलं रेलिंग आडव्या पाईपांचं आहे, उंची तीन फूट पाच इंच. आता तिथे लाकडासारखं दिसणारं डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) डेक फ्लोअरिंग करून घेतोय, खाली पाणी जावं म्हणून ते फ्रेमवर उचलून घेणार आहेत. रेलिंग बदलावं लागेल का?

उत्तर : हो, आणि डेकचं काम सुरू व्हायच्या आधी थांबा प्लीज. फ्रेम आणि फळी मिळून चार-पाच इंच जमीन वर येणार, म्हणजे तुमचं तीन फूट पाच इंच तीन फुटांवर येणार. हे हिशोबात घेणारे फार कमी, कारण फ्लोअरिंगवाला वेगळा आणि रेलिंगवाला वेगळा, आणि दोघंही आपापल्या कामापुरतं मोजतात. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये साधारण १ ते १.२ मीटर उंची सांगितलीय आणि ती मोजायची तयार झालेल्या जमिनीपासून, जुन्या टाईल्सपासून नाही. नवव्या मजल्यावर मी १.२ मीटरच धरेन, म्हणजे डेक झाल्यावर चार फूट.

आडवे पाईप म्हणजे लहान मुलांसाठी सरळ सरळ शिडी. दीड वर्षाची आहे तोवर ती गजांतून डोकावेल, अडीच वर्षांची झाली की चढेल. सोसायटीत बाहेरून दिसणारं बदलायला परवानगी लागेल, पण आतून करायला सहसा कोणी हरकत घेत नाही, म्हणून जुनं रेलिंग तसंच ठेवून आतल्या बाजूने उभ्या बारची वेगळी फ्रेम उभी करा. दोन बारमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे चार इंचांच्या आत, आणि डेकची फळी व खालचा बार यांच्यामधली फटही तेवढीच. डोकं जाणार नाही याचं हे माप आहे, फॅब्रिकेटर पाच-सहा इंच ठेवून मटेरियल वाचवतात, तेव्हा स्वतः टेप लावून बघा. फ्रेमचे पाय स्लॅबला धरायचे, डेकच्या फळीला नाही! फळीला धरलेलं रेलिंग म्हणजे फळीच्या चार स्क्रूवर सगळा भरवसा.

कबुतरांची जाळी लावलीय म्हणून बिनधास्त राहू नका, ती पक्ष्यांसाठी असते. आणि एसीचं आउटडोअर युनिट, कुंड्यांचा स्टँड, प्लास्टिकचं स्टूल, यातलं काहीही रेलिंगला लागून ठेवू नका, मुलं त्यावर चढतात.

प्रश्न : साताऱ्याला नवीन बंगल्याच्या गच्चीला वाड्यासारखा लाकडी कठडा करायचाय, कातीव काम केलेला. टिकेल का?

उत्तर : छप्पर असेल तर टिकेल. वाड्यांमधले ते कठडे छपराखाली, चौकाच्या कडेने असायचे म्हणून इतकी वर्षं राहिले. उघड्या गच्चीत ऊन-पावसाने लाकूड फुगतं, आकसतं, कातीव कामाच्या खाचांत पाणी साठतं आणि जोड सुटतात. उघड्यावर लोखंडी गज आणि फक्त वरची मूठ सागवानाची करा, हाताला लाकूडच लागतं आणि दर वर्षी तेल द्यायला सोपी पडते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर जुनं घेतलंय, मागे लाकडी डेक आहे, जमिनीपासून पाच फूट वर आणि सात पायऱ्या. रेलिंग हलतं. मे महिन्यात आई-बाबा येतायत, तोवर नवीन करायचंय. केबलचं (खांबांमधे ताणलेल्या तारांचं) रेलिंग आवडलंय, घेऊ का?

उत्तर : आई-बाबा येतायत म्हणून आधी हलण्याचं बघू. तिकडच्या निवासी कोडप्रमाणे डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर गार्ड, म्हणजे कठडा, लागतोच, उंची किमान ३६ इंच, फटीतून ४ इंची चेंडू जाता कामा नये आणि वरच्या पट्टीवर २०० पाउंडांचा, म्हणजे साधारण ९० किलोंचा जोर आला तरी टिकला पाहिजे. जुना डेक मार खातो तो या शेवटच्या अटीत. चार बाय चारचा खांब खाली खाच पाडून निम्मा केलेला असतो आणि दोन स्क्रूंनी कडेच्या फळीला अडकवलेला, आणि ती कडेची फळीसुद्धा फक्त खिळ्यांवर. मग नवीन रेलिंग आणून त्याच खांबांवर बसवलंत तर तेही हलणारच. खांब पूर्ण जाडीचा, आरपार बोल्ट, आणि आतल्या जॉइस्टला (डेकच्या फळ्या पेलणाऱ्या आडव्या तुळईला) खांब मागे ओढून धरणारा धातूचा टेन्शन टाय, हे आधी करून घ्या.

बोल्ट हॉट डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. २००४ पासून घरगुती वापराच्या प्रेशर ट्रीटेड (दाबाखाली औषध मुरवलेल्या) लाकडात आर्सेनिकच्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं औषध आलं आणि त्याने साधे बोल्ट लवकर खाल्ले जातात. काम सुरू करण्याआधी टाउनशिपमध्ये परमिटचं विचारा आणि एचओए, म्हणजे तिकडची घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांनाही, नाहीतर मे उजाडेल आणि काम कागदांतच अडकलेलं असेल.

केबल दिसते सुंदर, पण ती आडवी, आणि सैल पडली की हाताने दोन केबल फाकतात आणि चार इंचांचा नियम तिथेच मोडतो. म्हणून केबल तीन-सव्वातीन इंचांवर घेतात, खांब जवळजवळ लागतात आणि मधून मधून ताणून घ्यावी लागते. मी तुमच्या जागी असतो तर पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम, उभ्या बारचं घेतलं असतं.

पायऱ्यांचं तुम्ही विचारलेलं नाही पण आई-बाबा पडले तर डेकवर नाही, पायऱ्यांवर पडतील. तिथे रेलिंगची वरची रुंद पाटी मुठीत मावत नाही, वेगळा हँडरेल लावावा लागतो, गोल, सव्वा ते दोन इंच व्यासाचा, पायरीच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, ३४ ते ३८ इंच उंचीवर. कोडला एका बाजूला चालतो, तुम्ही दोन्ही बाजूंना लावा, उतरताना एकाचा उजवा गुडघा दुखतो तर दुसऱ्याचा डावा. आणि तो वरच्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सलग असू द्या, मधे खांबापाशी हात सोडावा लागू नये. तिकडे मेमध्येही पाऊस असतो, ओल्या लाकडावरून आईंच्या सपाता घसरतील, तर पायऱ्यांना ग्रिपच्या पट्ट्याही त्याच दिवशी मारून घ्या.