वर्गात तोंडच उघडत नाही, ताई

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याची, टीवायला इकॉनॉमिक्स घेतलंय, सध्या लंडनला तीन आठवड्यांच्या समर कोर्सला आलेय. निम्मी फी स्कॉलरशिपमधून, बाकीसाठी पप्पांनी एफडी मोडली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. इथे सकाळचं मोठं लेक्चर समजतं, पण दुपारी पंधरा-सोळा जणांचा छोटा क्लास असतो तिथे माझं तोंडच उघडत नाही. बाकीची मुलं सरांना नावाने हाक मारतात, मध्येच बोलतात, मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. परवा असंघटित कामगारांवर चर्चा होती, सर म्हणाले ज्यांचा मालक रोज बदलतो त्यांना पीएफ वगैरे देणं फार अवघड, आणि माझे आजोबा वाशी मार्केटला माथाडी होते, मला सगळं माहीत होतं तरी गप्प बसले, रूमवर येऊन रडले. त्यात किचनमध्ये फोडणी दिली तर फायर अलार्म वाजला, अख्खा मजला खाली रस्त्यावर, तेव्हापासून सँडविचवर आहे. रात्री नऊला पण उजेड, झोप नाही. पहिला आठवडा असाच गेला. पप्पांचे पैसे वाया घालवतेय असं वाटतं.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, दोन आठवडे हातात आहेत, काही वाया गेलेलं नाही. आणि खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला तुझ्या इंग्रजीची काळजी वाटलीच नाही, वाईट एवढंच वाटलं की त्या वर्गात ज्या एका मुलीकडे उत्तर होतं ती गप्प बसली. सर जे अवघड म्हणाले ते आपल्याकडे १९६९ च्या माथाडी कायद्याने करून दाखवलंय. हमालाला आज हा व्यापारी, उद्या तो, म्हणून मध्ये बोर्ड आणलं, त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. कामगाराची नोंदणी बोर्डाकडे, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, बोर्डात भरतो, आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. मालक कितीही बदलू देत, खातं एकच. हे तू जेवताना ऐकत मोठी झालीस, तिथल्या मुलांना ते कोणत्या पुस्तकात सहज सापडणार?

आता हे बोलायचं कसं. विषय निघून गेला म्हणून सोडून देऊ नकोस. बहुतेक ठिकाणी सरांचे ऑफिस अवर्स असतात, आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटतं, तिथे तसं नाही, ती वेळ मुलांनी येऊन बोलावं म्हणूनच ठेवलेली असते. उद्याच जा, आजोबांचं सांग, मराठीत विचार करून अडखळत सांगितलंस तरी चालेल, समोर एकच माणूस आहे. बहुतेक ते स्वतःच म्हणतील की क्लासमध्ये सांग. आणि सांगशील तेव्हा दुसरी बाजू पण सांग, की आजही कितीतरी हमाल बोर्डाच्या बाहेर आहेत आणि व्यापाऱ्यांना लेव्ही नकोशी असते. तुला खोडून काढायला कोणी प्रश्न विचारला तर घाबरू नकोस, तिकडे क्लास असाच चालतो, प्रश्न विचारला म्हणजे तुझं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं. रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं रीडिंग वाचताना दोन ओळींचा एक प्रश्न वहीत लिहून ठेव आणि क्लासच्या पहिल्या दहा मिनिटांत हात वर कर, नंतर चर्चेला वेग आला की घुसणं कठीण जातं. आणि सॉरीने सुरुवात करायची नाही. सरांना नावाने हाक मारणं जमत नसेल तर नको मारूस, त्यावाचून काही अडत नाही.

अलार्मचं म्हणशील तर तसल्या हॉस्टेलांत हे कायम होतं, आपल्या मुलांच्या फोडणीनेच नाही, टोस्ट करपला तरी होतं. किचनचं दार बंद, वरचा पंखा आधी चालू, तेलाचा धूर निघायच्या आत मोहरी टाक. डिटेक्टरवर पिशवी वगैरे कधीही बांधू नकोस, ते धोक्याचं आहे आणि दंड पण होतो. पण वरणभात कर गं बाई, सँडविचवर तीन आठवडे काढू नकोस. झोपेसाठी खिडकीला जाड चादर लाव, आणि घरी फोन तुझ्या दुपारी एकला कर, इकडे साडेपाच वाजलेले असतात, तुझ्या रात्री नऊला इकडे दीड वाजतो आणि आईची झोपमोड होते.

रविवारी प्रिमरोज हिलला जाच, चॉक फार्म स्टेशनवरून चालत. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहायचे, २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारने ते घर विकत घेतलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ मध्ये त्यांनी डीएस्सी मिळवली, म्हणजे तुझ्याच विषयातले ते. बसने गेलीस तर तासाभरात दुसरी बस पकडल्यास तिचे पैसे लागत नाहीत, फक्त कार्ड तेच टॅप कर, बसमध्ये रोख घेत नाहीत.

प्रश्न : मुलाला पुढच्या वर्षी लंडनला असाच कोर्स करायचाय. व्हिसा कोणता, तिकडे पार्टटाइम काम करून खर्च निघेल का, आणि सोबत काय द्यावं?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सहा महिन्यांच्या आतला कोर्स असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर होतो, मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी, ते फी भरायच्या आधी बघा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. या व्हिसावर काम अजिबात करता येत नाही, पार्टटाइमसुद्धा नाही, तेव्हा तो हिशोब धरूच नका. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम टाकलीत तर ती कुठून आली याचे कागद जोडा. इन्शुरन्स काढाच, व्हिजिटरला तिथल्या सरकारी हॉस्पिटलच्या उपचारांचे पैसे भरावे लागतात आणि ते थोडेथोडके नसतात. साजूक तूप, पेढे, खवा देऊ नका, आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, चिवडा खुशाल द्या. तुम्ही अंडं खात नसाल तर मुलाला सांगून ठेवा की तिकडे व्हेजिटेरियन लिहिलेल्यात अंडं असू शकतं, आणि बऱ्याच गोळ्या-जेलीत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात, तो अडॅप्टर इथूनच घ्या.