बोटं संपतात तेव्हा

प्रश्न : ताई, माझी मुलगी पहिलीत आहे. दोन संख्यांची बेरीज बोटांवर पटकन करते पण ८ + ६ + २ असं आलं की मोजता मोजता बोटं संपतात, मग रडते, वही ढकलून देते. बाई म्हणतात आधी दहा करा, सासूबाई म्हणतात डावीकडून ओळीने कर. कसं शिकवू?

उत्तर : दोन्हीने उत्तर १६च येतं, त्यामुळे सासूबाई चुकीच्या नाहीत, पण बाईंचं सोपं आहे कारण ८ आणि २ चे दहा झाले की मोजायला काही उरतच नाही, दहा आणि सहा सोळा. फक्त मधला सहा सोडून पुढे उडी मारलेली चालते हे मुलांना खरं वाटत नाही, ते दाखवावं लागतं. तीन वाट्यांत ८, ६, २ चिंचोके ठेवा, वाट्यांच्या जागा तिलाच बदलू द्या आणि दर वेळी सगळे ओतून मोजू द्या.

पण त्याच्याही आधी दहाच्या जोड्या तोंडात बसायला हव्यात, १-९, २-८, ३-७, ४-६, ५-५. मला वाटतं अडतं ते इथेच, आणि घाईघाईत हीच पायरी गाळली जाते. बोटं बंद करू नका हो, उलट त्यांचाच उपयोग करा, दोन्ही पंजे समोर धरायचे, तीन बोटं मिटली तर उघडी किती? सात. रोज पाच मिनिटं पुरे.

एक चूक हमखास होते. ८ आणि २ चे दहा करून झाले तरी मुलं ते दोन परत मिळवतात आणि १८ लिहितात. म्हणून ८ आणि २ ला पेन्सिलने एकाच रेषेने जोडून वर १० लिहायला लावा, जोडलेले वापरून झाले, आता सुटा राहिला तो सहा. "दहा आणि सहा, सोळा" असं मोठ्याने म्हणू द्या, कारण आपल्या सोळा, सतरा या शब्दांत दहा ऐकूच येत नाहीत.

७ + ५ + ४ सारखं गणित, ज्यात जोडी तयार नाही, ते महिनाभर तरी देऊ नका. नंतर द्याल तेव्हा पाचातले तीन सात वाल्या वाटीत टाकायचे, इकडे दहा झाले, तिकडे दोन उरले, दोन आणि चार सहा, म्हणजे याचेही सोळाच.