जुनी मारुती जिप्सी घेतलीस ना? आता गाडीखाली शिर
मोठे टायर आणि विंचचं (रुतलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राचं) खूळ तूर्त बाजूला ठेव रे. गोव्यातली जुनी जिप्सी म्हणजे खारा वारा आणि पावसाळे खाल्लेली गाडी. वरून रंग चकचकीत, आतून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सडलेली. लीफ स्प्रिंगच्या (पाट्यांच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चॅसीला टांगतात तिथे, हातोडीने ठोकून बघ. बद्द आवाज आला तर वेल्डिंग आधी. मग डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल काढ. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सील बदल आणि ब्रीदरची (त्या डब्यातली हवा आत-बाहेर करणारी) नळी बॉनेटपर्यंत वर घे, नाहीतर ओहोळात गरम हाऊसिंग एकदम थंड होऊन पुन्हा पाणी ओढेल. (दूधसागरची वाट विसर, तिथे कुळे गावच्या नोंदणीकृत जीपगाड्यांनाच सोडतात.) मोठे टायर सगळ्यात शेवटी, त्यांनी चढणीला इंजिन धापा टाकतं. आणि गाडी 15 वर्षांवरची असेल तर आरसीची (नोंदणीची) मुदत आजच बघून घे.