उत्तर बरोबर आलं, पण कळलं का?

प्रश्न: मी सहावीतल्या एका मुलाची शिकवणी घेते. माझ्यासमोर तो सगळी गणितं सोडवतो, चाचणीत मात्र तशीच गणितं चुकतात. असं का होतं?

उत्तर: ‘माझ्यासमोर’ या शब्दातच मेख आहे. मुलं आपला चेहरा वाचतात. पायरी चुकली की आपल्या भुवया हलतात, बरोबर आली की आपण ‘हं’ म्हणतो. निम्मं गणित तिथेच सुटतं. चाचणीत तो ‘हं’ नसतो. म्हणून बरोबर उत्तरालाही अधूनमधून निर्विकारपणे ‘हे कशावरून?’ असं विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलंत, तर तो प्रश्न ऐकताच तो खोडरबर शोधायला लागेल.

आणि त्याला हे देऊन पाहा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आले, तर बेरीज येते पण ‘=’ कळलेलं नाही. त्या चिन्हाचा अर्थ त्याच्या लेखी ‘इथे उत्तर लिहा’ एवढाच आहे. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून ७, हे त्याच्या डोक्यात नाही. त्याला वेगळं काढू नका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी लेखात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकालाही ७ सुचले नव्हते. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले होते. हीच मुलं पुढे समीकरणांपाशी अडतात आणि मग आपण बीजगणिताला दोष देतो.

प्रश्न: मुलगी १/२ + १/३ = २/५ असं लिहिते. लसावि काढायची रीत दहादा सांगून झाली. आता काय करू?

उत्तर: अकराव्यांदा सांगू नका. तिला विचारा, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? लहान. मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसे झाले? इथे गप्प बसा. ही शांतता शिकवणाऱ्याला फार जड जाते (मला अजूनही जाते), पण मुलीचं डोकं तेव्हाच चालत असतं.

तिची चूक बिनडोक नाही. अंश आणि छेद या तिला दोन सुट्या संख्या वाटतात, म्हणून ती दोन सुट्या बेरजा करते. आखीव कागदावर ६ चौकटींची पट्टी काढायला लावा. अर्धी म्हणजे ३ चौकटी, एक तृतीयांश म्हणजे २, मिळून ६ पैकी ५. छेद समान का करायचा, हे तिला पट्टीवरच दिसेल. लसावि त्यानंतर.

प्रश्न: पाढे पाठ करून घ्यावेत का?

उत्तर: घ्यावेत. ७ × ८ साठी दरवेळी बोटं मोजावी लागली, तर मूळ प्रश्न काय होता हेच विसरायला होतं. मात्र ७ × ८ अडलं तर ७ × ४ ची दुप्पट करता येते, हेही त्याच मुलाला ठाऊक हवं.

प्रश्न: ऋण गुणिले ऋण धन का? ‘नियमच आहे’ असं सांगून मी वेळ मारून नेतो.

उत्तर: निदान तुम्ही कबूल तरी करताय! हे ओळीने लिहा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. दर ओळीला उत्तर २ ने वाढतंय. पुढची ओळ (−१) × (−२) ही मुलालाच लिहू द्या.

हा आकृतिबंध झाला, सिद्धता नव्हे. एखादी चिकित्सक मुलगी ‘पुढेही तसंच कशावरून?’ असं विचारेल. तिचं म्हणणं रास्त आहे. तिला हे दाखवा: २ + (−२) = ०, म्हणून (−१) × [२ + (−२)] हेही ०. कंस सोडवला तर −२ + (−१) × (−२) = ०. आता −२ मध्ये काय मिळवलं की शून्य येतं, ते तीच सांगेल.