अनफिटचा कागद हातात आल्यावर

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पेटी घेऊन तू केंद्राच्या निमलष्करी दलाच्या ट्रेनिंग सेंटरवरून परत आलास आणि आदेशावर वैद्यकीयदृष्ट्या अपात्र असं लिहिलंय, एवढं घरच्यांकडून कळलं. गल्लीतली माणसं काय म्हणतील म्हणून तू घराबाहेर पडत नाहीस, हेही कळलं. दोन दिवस बस घरात, काही बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कागदांना बस. तू पाच किलोमीटर चोवीस मिनिटांच्या आत पळत होतास हे कोर्टात सांगून काही मिळत नाही. न्यायाधीश तुझा गुडघा तपासणार नाहीत. ज्यांनी तो तपासला त्यांनी नियम पाळले का, एवढंच ते बघतील. म्हणून या प्रकरणात पहिल्या दहा-पंधरा दिवसांत गोळा केलेले कागद वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त कामाला येतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. भरतीच्या मेडिकलमध्ये अनफिट ठरणं वेगळं आणि भरती होऊन, शपथ घेऊन, ट्रेनिंगमध्ये असताना काढून टाकणं वेगळं. मैदानावरची पोरं या दोन्हींची गल्लत करतात आणि एकाच्या प्रकरणात मिळालेला सल्ला दुसऱ्याला देतात. भरतीतल्या उमेदवाराचा हक्क तपासणी नीट होण्यापुरताच असतो. तू नेमणूक झालेला, पगार घेतलेला, दलाचा नंबर असलेला माणूस आहेस. तुला काढायचं तर त्यासाठी नियम हवा, त्या नियमातली पायरी हवी आणि कारणाचा कागद तुझ्या हातात यायला हवा.

आता आदेश पुढून-मागून वाच. कोणत्या नियमाखाली काढलंय ते सापडलं पाहिजे. सीआरपीएफ असेल तर बहुधा १९५५ च्या नियमांतला नियम १६ दिसेल. पहिली तीन वर्षं नेमणुकीची असतात आणि त्या काळात एक महिन्याच्या नोटिशीवर सेवामुक्त करता येतं, असं तो सांगतो. काही आदेशांत केंद्रीय नागरी सेवा (तात्पुरती सेवा) नियम, १९६५ मधला नियम ५ असतो. त्यातही एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आहे, आणि वरिष्ठांना असं प्रकरण पुन्हा उघडता येतं, पण साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. ही मुदत बहुतेकांना माहीतच नसते आणि वकील शोधण्यात ती निघून जाते. बीएसएफमध्ये १९६९ च्या नियमांतला नियम २५ शारीरिक अपात्रतेसाठी स्वतंत्र आहे. वैद्यकीय मंडळ बसवायचं, निष्कर्ष त्या माणसाला कळवायचा आणि त्यावर त्याचं म्हणणं मागवायचं, असा त्याचा क्रम आहे. म्हणून प्रश्न असा विचारायचा : खरं कारण आजार किंवा दुखापत असताना आदेश प्रोबेशनच्या साध्या कलमाखाली काढून वैद्यकीय मंडळाची पायरी गाळली का? गाळली असेल तर तुझ्या याचिकेचा पहिला मुद्दा तोच.

आदेशाच्या तळाशी प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्याची यादी असते. ती टिपून ठेव. मेडिकल ऑफिसरला प्रत गेली असेल तर त्यांच्याकडे तुझी फाइल आहे, हे त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. तुझ्याकडून कुठल्या कोऱ्या किंवा टाईप केलेल्या कागदावर सही घेतली होती का? दुखणाऱ्या पायाने महिनाभर परेडला उभं राहिलेल्या पोराला कुणीतरी समजावतं, की स्वेच्छेने राजीनामा दे, लवकर घरी जाशील. त्या एका सहीने वैद्यकीय डिस्चार्जचं प्रकरण राजीनाम्याचं होतं, अपंगत्वाचा दावा अडकतो आणि वर प्रशिक्षणाच्या खर्चाची वसुलीही येऊ शकते. सही केली असशील तर लपवू नकोस. कोणत्या तारखेला, कुणासमोर, सिक रिपोर्टवर (म्हणजे आजारी म्हणून नोंद) असताना की दवाखान्यातून परत आल्यावर, हे सगळं आजच वहीत लिही. दबावाखाली दिलेला राजीनामा म्हणून भांडता येतं, पण ते लगेच, लेखी आणि तारखेसकट सांगावं लागतं. सहा महिन्यांनी आठवलेल्या दबावावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता कागद. माहिती अधिकारात अर्ज टाकतो, असं तू म्हणशील. थांब. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्स ही सगळी दलं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे कायद्याबाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप एवढाच अपवाद. साधा अर्ज फेटाळला जातो आणि तीस-चाळीस दिवस वाया जातात. कर्मचारी निवड आयोग त्या यादीत नाही, त्यामुळे भरतीच्या टप्प्यावरची माहिती तिथून मागता येते. दलाकडे मात्र माहिती अधिकाराचं नाव न घेता साधा विनंती अर्ज कर, कमांडंटच्या नावाने : माझ्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची, भरतीच्या वेळच्या मेडिकलची, एमआय रूममधल्या, म्हणजे दलाच्या दवाखान्यातल्या, नोंदींची आणि दुखापतीच्या अहवालाची प्रत मिळावी. स्पीड पोस्टने पाठव आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठव. पोस्टाची पावती अर्जाच्या छायाप्रतीवरच चिकटव, कारण सुट्या पावत्या हरवतात आणि त्यांची शाईही उडते. प्रत मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मागूनही दिली नाही याचा पुरावा तयार होतो, आणि मग ती फाइल कोर्टासमोर हजर करायला लावता येते. बाहेरच्या रुग्णालयात तुला पाठवलं होतं तर तिथली केस पेपरची प्रत तू थेट मागू शकतोस. रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचा २००२ चा नियम आहे.

गुडघ्याचं प्रकरण कसं उभं राहतं ते बघ. भरतीच्या मेडिकलमध्ये गुडघ्यासमोर काही नोंद नाही. मग अडथळ्यांच्या सरावात उडी मारताना पाय वळला. त्या दिवशी सिक रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये नाव आहे का? औषधाची चिठ्ठी? काही दिवस परेड माफ केल्याची नोंद? पुढे सूज उतरली नाही म्हणून एमआरआय झाला, त्याची तारीख? लिगामेंट तुटल्याचं निदान, मग शस्त्रक्रिया, मग मंडळ. ही तारखांची साखळी एका पानावर उतरव : डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे त्याचा कागद आहे की नाही. जिथे कागद नाही तिथे त्या दिवशी सोबत असलेल्या दोन पोरांची नावं लिही. उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, काही बोलले असतील तर तेही. सर्वांत जास्त खटले जिथे मोडतात ती जागा म्हणजे दुखापत आणि पहिला वैद्यकीय कागद यांच्यातलं अंतर. पोरं घाबरून आठ-दहा दिवस दुखणं लपवतात, मग दल म्हणतं की हे सुट्टीवर घरी झालं असणार, किंवा आधीपासूनच होतं. तिथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंह निकाल उपयोगी पडतो. प्रवेशाच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि नंतरचा बिघाड सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची, असं त्यात सांगितलं. तो निकाल लष्कराच्या पेन्शन नियमांवरचा आहे, तुझ्या दलाला तो जसाच्या तसा लागू नाही. पण त्यातला विचार तुझ्या बाजूचा आहे आणि वकिलाने तो मांडायला हवा. भरतीच्या अर्जात तू जुना आजार लपवला असशील तर मात्र हा मुद्दा उलटतो. मला नाही तरी वकिलाला ते आधी सांग.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर सरकारी तज्ज्ञाचंच घे. आपल्याकडे सीपीआर आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. खासगी दवाखान्याच्या लेटरहेडवर फक्त "फिट" लिहून आणलेला कागद कोर्टात टिकत नाही. दाखल्यावर तुझा फोटो आणि अंगावरची ओळखीची खूण हवी, तज्ज्ञाचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, कोणती तपासणी केली आणि त्यात काय दिसलं ते हवं. आणि एक वाक्य हवंच : या उमेदवाराला दलाच्या मंडळाने अमुक कारणाने अपात्र ठरवलं आहे याची पूर्ण कल्पना असताना हा दाखला देत आहे. हे वाक्य नसलेले दाखले बाजूला पडतात. तपासणी मंडळाच्या तारखेच्या जितकी जवळ तितकी चांगली. चार महिन्यांनी रक्तदाब नॉर्मल आला, तर त्या दिवशी तो नॉर्मल होता असं सिद्ध होत नाही. एवढं करूनही हा दाखला मंडळाचा निष्कर्ष खोडणार नाही. त्याने शंका निर्माण होते, आणि त्या शंकेवर नवीन तपासणी मागता येते.

तुझा तो मित्र भरतीतच अनफिट ठरला, त्यालाही सांग. पूर्वी पंधरा दिवसांत दाखला जोडून अपील करायला सवड असायची. आता सविस्तर वैद्यकीय तपासणीत नाकारलं की तिथेच लेखी संमती घेतात आणि पुनर्तपासणी बहुधा दुसऱ्याच दिवशी होते. ऑपरेशन करून यायला वेळच उरत नाही. नाकातलं हाड, हायड्रोसील, पायाच्या फुगलेल्या शिरा असलं काही असेल तर फॉर्म भरण्याआधीच बघून घ्यायचं. सपाट तळव्यांचं म्हणशील तर टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसते का, हे हाडांच्या डॉक्टरकडून लिहून घ्यायचं. त्याच्या प्रकरणात वकिलाने बघायची गोष्ट म्हणजे पुनर्तपासणीच्या मंडळात त्या आजाराचा तज्ज्ञ होता का, आणि दोन्ही तपासण्यांचे निष्कर्ष जुळतात का. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अमन सिंह प्रकरणात कोर्टाने केव्हा लक्ष घालायचं आणि केव्हा मंडळावर सोडायचं हे तपशिलात सांगितलं आहे, ते त्याच्या वकिलाने वाचायलाच हवं.

आता जायचं कुठे? सैन्यातून आलेल्या पोरांचं ऐकून सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊ नकोस. ते लष्कर, नौदल आणि हवाई दलासाठी आहे. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणातही नाही, कारण १९८५ च्या त्या कायद्याने संघराज्याच्या सशस्त्र दलांतल्या माणसांना बाहेर ठेवलं आहे. तुझा रस्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेचा, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. वकिलांनी कित्येक वर्षं त्यासाठी आंदोलन केलं. सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत ते बसतं, म्हणजे दाखला देणारा डॉक्टर आणि याचिका ऐकणारं कोर्ट यांच्यात तुला फक्त रस्ता ओलांडायचा आहे. मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन एका तारखेसाठी लॉजवर राहायचा खर्च वाचला, हे आपल्या भागातल्या पोरांसाठी फार मोठं आहे.

पण आदेश काढला दुसऱ्या राज्यातल्या सेंटरने, मग इथे याचिका चालेल का, हा आक्षेप सरकारी वकील पहिल्याच तारखेला घेईल. फक्त घर कोल्हापुरात आहे, एवढं पुरत नाही. दाव्याच्या कारणाचा काही भाग इथे घडलेला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नवल किशोर शर्मा प्रकरणात वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवलेल्या खलाशाची याचिका त्याच्या गावाकडच्या, म्हणजे पाटण्याच्या उच्च न्यायालयात चालू शकते असं सांगितलं. त्याचा पत्रव्यवहार तिथून झाला होता आणि नकाराचं पत्र तिथेच मिळालं होतं. म्हणून आदेशाविरुद्ध दलाच्या वरिष्ठांना द्यायचं तुझं लेखी निवेदन कोल्हापूरच्या पत्त्यावरून जाऊ दे आणि उत्तरही याच पत्त्यावर माग. ज्या पाकिटातून उत्तर येईल ते पाकीट फाडून टाकू नकोस, त्यावरचा शिक्का पुरावा आहे.

निवेदनाला उत्तर येईपर्यंत वर्षभर थांबू नकोस. रिटला कायद्यात ठरावीक मुदत नाही, पण उशीर केला म्हणून याचिका फेटाळल्या जातात. पंधरा दिवसांत निवेदन, आणखी महिनाभर वाट, मग याचिका. मागणी मोजकी ठेव : आदेश रद्द करावा, स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून पुन्हा तपासणी व्हावी, फिट ठरल्यास सेवाज्येष्ठतेसह परत घ्यावं, अनफिटच ठरल्यास सेवेमुळे झालेल्या अपंगत्वाचे लाभ द्यावेत. ही शेवटची पर्यायी मागणी पोरं मानापमानाने लिहू देत नाहीत. लिहू दे. यशस्वी झालेल्या बऱ्याच याचिकांत थेट नोकरी मिळत नाही, पुनर्तपासणीचा आदेश मिळतो. त्या दिवशी पाय खरंच बरा असला पाहिजे, म्हणून फिजिओथेरपी आजपासून सुरू कर.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) कुणीतरी तुला दाखवेल : सेवेत अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दुसऱ्या पदावर त्याच वेतनात घ्यावं लागतं. कलम सुंदर आहे, पण केंद्राने १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने या दलांतल्या लढाऊ पदांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याला संरक्षण दिलं, पण त्याच्यावरची कारवाई त्या अधिसूचनेच्या आधीची होती. तुझी तारीख नंतरची. सगळा खटला त्या कलमावर टांगणारा वकील भेटला तर दुसऱ्याला विचार.

लाभांचं वेगळं बघ. केंद्रीय नागरी सेवा (असाधारण निवृत्तिवेतन) नियमांखाली अपंगत्व सेवेमुळे उद्भवलं किंवा सेवेमुळे बळावलं असं ठरलं तर पेन्शनचा दावा होतो. म्हणून मंडळाच्या कागदावर त्या रकान्यात काय लिहिलंय आणि टक्केवारी किती दिली ते बघ. "नाही" लिहून कारण दिलं नसेल तर त्याच्यावरही भांडता येतं. पगारपत्रकातून विम्याची रक्कम कापली जात होती का, तेही तपास.

पैशांची अडचण असेल तर कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेव.

सोमवारी येताना मूळ आदेश, नेमणूकपत्र, सगळी पगारपत्रकं, मूव्हमेंट ऑर्डर (सेंटरवरून पाठवताना दिलेला प्रवासाचा आदेश), एमआरआयची फिल्म आणि तारखांचं ते पान घेऊन ये. फिल्म गुंडाळी करून आणू नकोस, पुठ्ठ्यात सपाट ठेव, नाहीतर तिच्यावर चिरा पडतात. वडिलांनाही सोबत आण, त्यांनाही यातलं थोडं समजून घ्यायचं आहे.