पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या तारकर्ली-देवबागला पुन्हा जावं का?

तुम्ही लिहिलंय की १९९९ साली लग्नानंतर तारकर्ली-देवबागला गेला होतात, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, आता मुलांना तेच दाखवायचंय. पण ‘स्थानिकांनी पैशासाठी सगळं बिघडवून टाकलंय’ असं ऐकलंय, तर जावं का आणि राहावं कुठे.

जा. फक्त ते अवतरणातलं वाक्य घरी ठेवून जा.

माझं माहेर देवबाग, सासर डोंबिवली. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी २००६ साली माझ्या सख्ख्या भावाला ऐकवलं आणि पुढची अठरा वर्षं त्या घराची पायरी चढले नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागली. आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्येच जाहीर झालेला, १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावायला लागलेली. कुडाळला उतरून माणसं विचारत विचारत आमच्या दारापर्यंत यायची, “राहायची सोय होईल का?” आई ओटीवर चटया टाकून द्यायची, सकाळी घावणे घालायची आणि पैसे किती घ्यायचे म्हणून लाजायची. भावाने ठरवलं, घरामागच्या माडांत चार खोल्या काढायच्या. बँकेने सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागितल्या. गणपतीच्या पाचव्या दिवशी, आरतीचं ताट अजून हातात असताना, त्याने हक्कसोडपत्र पुढे केलं. “बाय, हंय सही कर.”

मी नाही केली. कारणं दोन होती, बोलून एकच दाखवलं: वडिलांनी लावलेले अकरा माड तोडून तू मुंबईकरांसाठी संडास बांधणार, पैशासाठी गाव बिघडवणार. दुसरं कारण असं की, तुला हिस्सा हवाय का हे मला कोणी विचारलंच नव्हतं. हवा नव्हताच. पण विचारायला तर हवं होतं.

भाऊ म्हणाला, “तू गणपतीक येतंस नि मे म्हयन्यात येतंस. बाकीचे धा म्हयने हंय कोण रवता?”

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी बॅग भरली.

मग आई गेली तेव्हा दिवसांपुरती शेजारच्या काकूंकडे उतरून परत आले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याला घासून गेलं, वीज नाही, फोन लागेना. पाचव्या दिवशी लागला तेव्हा मी काही न बोलता भावाला गुगल पे वर दहा हजार पाठवले. अर्ध्या तासात दहा हजार परत आले. सोबत एक अक्षर नाही.

आता २०२४. माझ्या मुलाने सव्वीस जानेवारीचा लाँग वीकेंड बघून मित्रमंडळींचं आणि आमचं ऑनलाइन बुकिंग केलं, फोटो आणि स्टार बघून. शेवटचं मामाकडे गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याला काय आठवणार? लोकेशन उघडलं तर भावाच्या घरापासून तिसरं घर. गप्प बसले. पैसे परत मिळणार नव्हते, हेही एक.

तर काय बदललंय. मालवणहून तारकर्ली मागे टाकून देवबागच्या टोकाकडे जाणारा रस्ता तुम्हाला आठवत असेल, तो अजूनही एकच आहे आणि त्यावर आता पुण्यामुंबईच्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या असतात. दर दहा पावलांवर स्कुबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन, सुनामी आयलंड असे फलक. (हे सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा दांडा. २००४ च्या सुनामीनंतर वर आला म्हणतात. तुमच्या वेळी ते नाव नव्हतं.) मला धक्का बसला तो गर्दीचा नाही, दगडांचा. आमच्या लहानपणी अंगणातून उतरलं की पाय वाळूत. आता समुद्राच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधारा आहे, काळे दगड टाकलेले. भरतीला लाट थेट त्या दगडांवर आपटते. खोली ‘सी टच’ म्हणून घ्याल आणि दारात वाळूच नसेल, असं होऊ शकतं. बुकिंगच्या आधी भरतीच्या वेळचा फोटो मागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढत होते. तुम्ही पाहिली असेल: होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन रांगांनी माणसं मागे मागे सरत ओढत राहतात. माझ्या मुलाने व्हिडिओ काढून झाल्यावर मोबाईल खिशात घातला आणि दोरी धरली. त्याच्यामागे मीही धरली. ओल्या काथ्याचा तो कुसळासारखा टोचरेपणा तळव्याला ओळखीचा असतो. आता दोरी नायलॉनची आहे, टोचत नाही, सरकते. हात तसेच लाल होतात. जाळं वर आलं तेव्हा बांगडे थोडे, बाकी बारीकसारीक आणि जेलीफिश. दोरीच्या पुढच्या टोकाचा म्हातारा माझ्याकडे दोनदा वळून बघत होता. शेवटी आला.

“कोणाचा चेडू गो तू?”

मी बावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. वडिलांचं नाव सांगितलं. तो काही बोलला नाही. खाली वाकला, पाच बांगडे उचलले आणि माझ्या ओढणीत टाकले. “घे, तुजो वाटो.” ज्याने दोरीला हात लावला त्याला थोडं म्हावरं, ही रापणीची जुनी रीत. पर्यटकांनाही देतात, तुम्हीही ओढून बघा.

तिथून खोलीवर पोचेपर्यंत भाऊ अंगणात उभा. गावात बातमीला पाय नसतात, पंख असतात. केस पांढरे, पोट सुटलेलं, कमरेला तीच चौकटीची लुंगी. “भाडा देवन रवलंस? कित्याक गो, माझ्या घराक काय आग लागली हा?” ओढणीतून बांगड्यांचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. बॅगा मुलाने उचलल्या. शेजाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, बरोबरच केलं. लाँग वीकेंडला खोली रिकामी गेली तर त्याने काय करायचं?

भावाने खोल्या बांधल्यात, कर्जाशिवाय, एकेक करून, चौथी अजून पत्र्याची आहे. वहिनी पहाटे साडेचारला उठते. त्या तीन दिवसांत तिला मी बसलेली पाहिली ती फक्त नारळ खवताना, तेही विळीवर. पुतण्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लोकांना पाण्याखाली नेतो. आमच्या वेळी त्या वयाचा मुलगा गावात दिसला तर लोक विचारायचे, आजारी आहे का? म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते: तुमच्या १९९९ च्या फोटोतला किनारा निर्मनुष्य होता, कारण आमची माणसं परळ-लालबागच्या खोल्यांत वळकट्या लावून झोपत होती. त्याला शांतता म्हणायचं तर म्हणा.

पण माझंही सगळं चुकलं नव्हतं. विहिरीचं पाणी मचूळ झालंय. भाऊ म्हणतो वादळात खारं शिरलं, मी म्हणते चार खोल्यांचे शॉवर. रात्री उशिरापर्यंत कुणाचा तरी स्पीकर चालू असतो, आणि तो लावणारे देवबागचे नसतात. आणि माड. रात्री पाणी प्यायला उठले आणि मोजून घेतले: सात आहेत. दोन खोल्यांत गेले, दोन तौक्तेत आडवे झाले. म्हणजे भावाने अकरातले दोनच तोडले. हा हिशोब मी त्याला अजून बोलून दाखवलेला नाही.

तुमचा प्रश्न राहूनच चालला. राहा कुणाच्यातरी घरी, हॉटेलात नको. शांतता हवी असेल तर खाडीच्या बाजूला घ्या, तिकडे लाटांऐवजी सकाळी होड्यांचे आवाज येतात. बुकिंगच्या फोनवर विचारा, बांगड्याचं तिखलं करता का आणि त्यात तिरफळ घालता का. समोरची बाई हसली तर डोळे मिटून बुक करा. सुरमईच्या थाळीसाठी पैसे उडवू नका, त्या दिवशी उतरलेले पेडवे खा. नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीची सुट्टी आणि आम्ही गेलो तसे लाँग वीकेंड टाळा. स्कुबा म्हणजे नवख्यांसाठी किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यातली छोटीशी बुडी असते, मुलांना फार मोठी स्वप्नं दाखवू नका. जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्या बोटी बंद, जून-जुलैत मासेमारीही बंद. तेव्हा थाळीत जे येईल ते बर्फातलं किंवा खाडीतलं. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, पण विमान असेलच असं धरून बेत आखू नका. रेल्वेने कुडाळ.

आणि ज्या बायांना हे वाचून आपलं माहेर आठवलं असेल त्यांना: मुलीचा हिस्सा कायद्याने भावाइतकाच आहे. सोडायचा असेल तर सोडा, पण सणाच्या दिवशी, घाईत, न वाचता सही करू नका. तसंच नुसता राग म्हणून अठरा वर्षं अडवूनही ठेवू नका. मी वकील नाही, प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असते.

निघताना वहिनीने बिल केलं नाही. पिशवी भरून दिली: कोकमाच्या आगळाची बाटली, कुळथाचं पीठ, खाजा, सुके बांगडे. डोंबिवलीला येऊन पिशवी रिकामी केली तर तळाशी प्लॅस्टिकची फाईल, आत हक्कसोडपत्राचा नवा मसुदा, सहीच्या जागी पेन्सिलने फुली. भावाला फोन केला तर म्हणतो, “माका काय म्हायत नाय, तुझ्या वहिनीन घातल्यान.”

कागद कपाटात आहे. सही अजून केलेली नाही, मे महिन्यात जाणार आहे तेव्हा बघू. कपाटातल्या साड्यांना मात्र सुक्या बांगड्यांचा वास लागलाय, डांबरगोळ्या ठेवूनही जात नाही.